वाचता येतं म्हणजे काय येतं?

(वार्षिक मेळाव्यात सहकारी व देणगीदारांसमोर केलेले भाषण)



दर वर्षी या मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो : "ताई, यंदा किती मुलं वाचायला शिकली?" प्रश्न रास्त आहे. तुमच्या कष्टाचा पैसा पाड्यावरच्या अभ्यासवर्गाला लागतो. त्याचं काय झालं हे तुम्हाला कळायलाच हवं. पण आज आकड्याआधी थोडं वेगळं बोलणार आहे. मूल वाचायला शिकलं हे ओळखायचं कसं?

गेलं वर्षभर आम्ही एक साधं काम केलं. आठवड्यातून एक दिवस मी शिकवायचं नाही. वर्गात मागे बसायचं आणि वहीत टिपत राहायचं. कोण बोललं, कोणाला विचारलं गेलं, मुलांनी फळ्यावरून काय उतरवून घेतलं, स्वतःच्या मनाचं काय लिहिलं. संध्याकाळी घराघरांत जाऊन पाहायचं, की इथे लिहिलेलं काय काय आहे आणि ते कोण वाचतं.

वर्गात काय दिसलं? तिसरीतल्या एका मुलीनं धडा घडाघडा वाचला. मी विचारलं, "यात कोण कुठं गेलं गं?" ती गप्प. तिनं पुन्हा वाचलं, तितकंच सुरेख. उत्तर मात्र नाही. शेजारचा मुलगा 'कमळ' या शब्दाचे क, म, ळ असे तीन तुकडे पाडत होता, आणि ते तुकडे काही जुळत नव्हते. त्याच मुलाला ओढ्याचं चित्र दाखवलं, तर पहिल्या पावसात चिंबोऱ्या कशा धरायच्या हे त्यानं वारलीत असं रंगवून सांगितलं, की सगळा वर्ग ऐकत राहिला. आमच्या तक्त्यावर मुलीपुढे 'वाचते' आणि मुलापुढे फुली. तक्ता एवढंच सांगतो.

आपली लिपी शिकणं सोपं नाही. मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. 'कि'ची वेलांटी आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. 'र' तर सूर्य, चक्र आणि ट्रक या तीन शब्दांत तीन रूपं घेतो. हे नीट शिकवावंच लागतं, आपोआप येत नाही. पण पहिली दोन वर्षं निव्वळ यातच गेली, आणि तीही ज्यानं अननस कधी पाहिला नाही त्याला 'अननसाचा अ' घोकण्यात, तर मुलाची समजूत होते की वाचन म्हणजे तोंडानं आवाज काढणं.

हे केवळ आमच्या वहीतलं नाही. आपलं काम चालतं त्याच पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यात, आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये संशोधकांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. मराठी आणि कन्नड वाचन-लेखनाच्या या अभ्यासाचा अहवाल २०१७ साली आला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं आणि बाराखडीवर जातो. अर्थावर, मुलांच्या बोलण्यावर, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर फार थोडा, असं त्यांना दिसलं. तिसरी संपतानाही पुष्कळ मुलांना साधा मजकूर जड जात होता.

अमेरिकेतल्या शर्ली ब्राइस हीथ यांनी कॅरोलिना भागात, कापडगिरण्यांजवळच्या दोन वस्त्यांमध्ये अनेक वर्षं जाऊन असंच निरीक्षण केलं. त्यांचं पुस्तक १९८३ साली आलं. गोऱ्या कामगारांच्या वस्तीतले आईबाप मुलांना पुस्तकं आणि पवित्र शास्त्रातल्या गोष्टी वाचून दाखवत आणि नेमकी उत्तरं वदवून घेत. ही मुलं शाळेत आधी छान चालली. पुढच्या वर्गांत स्वतःचं मत मांडायची वेळ आली तेव्हा अडखळली. कृष्णवर्णीय वस्तीतली मुलं गोष्ट रचण्यात तरबेज होती, पण सुरुवातीच्या वर्गांत त्यांना ते कोणी विचारलंच नाही, आणि ती मागे पडली. आपल्या संडे स्कूलमध्ये सुवर्णवचन बिनचूक म्हणणाऱ्या मुलांकडे पाहतानाही मला हे आठवतं.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प रथाजवळ धावत जातो, तेव्हा तो कूशी अधिकारी मोठ्यानं वाचतच असतो. फिलिप्प त्याच्या वाचनाला शाबासकी देत नाही. जे वाचतोस ते कळतं का, असं विचारतो, आणि मग त्याच्या शेजारी जाऊन बसतो.

आता पाड्यावर काय दिसलं ते सांगते. घरात पुस्तक नसतं, पण लिखाण असतं : रेशनकार्ड, औषधाची चिठ्ठी, मोबाइल. आणि एक वही, जी घरात नसते, पण सगळं घर तिच्यावर चालतं. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. आगाऊ घेतलेली उचल, पाडलेल्या विटा, आठवड्याची खर्ची हे सगळं त्या मालकाच्या वहीत. एक आई मला म्हणाली, "ताई, पोराला त्या वहीत काय लिवलंय तेवढं कळू दे." पोराला वाचता येऊ दे, असं ती म्हणाली नाही. कळू दे, म्हणाली.

याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. गुरं राखणारं मूल शाळेत येत नाही, हे पाहिल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. आधी मुलाचा दिवस कसा जातो ते पाहिलं, मग शाळेची घडी बसवली.

म्हणून तुमच्यापुढे तीन विनंत्या ठेवते.

पहिली, अहवालाबद्दल. यापुढे तीन रकाने असतील : उच्चारून वाचतो, समजून वाचतो, स्वतःचं लिहितो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातला आकडा तुम्हाला लहान दिसेल. तो पाहून हात आखडू नका. तोच खरा आकडा आहे.

दुसरी, पाड्यावरच्याच एका शिकलेल्या मुलीला मानधन द्या. तिला वारली येते. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत ती मोठ्या कागदावर लिहिते आणि मग मूल तेच वाचतं. चिंबोऱ्यांची गोष्ट अशी लिहिली, तेव्हा त्या मुलानं 'पाऊस' आणि 'दगड' हे शब्द कागदावर स्वतः शोधून काढले. तिथून मराठीच्या धड्याकडे वाट जाते. वेळ लागतो, पण जाते.

तिसरी, यंदा दप्तरांऐवजी गोष्टींची पुस्तकं द्या आणि भट्टीच्या हंगामात तिथे जाणाऱ्या कार्यकर्त्याचा प्रवासखर्च उचला. मुलं सहा-सात महिने तिकडे असतील, तर वर्ग इकडे भरवून उपयोग नाही.

पुढच्या मेळाव्यात मला जरूर विचारा, फक्त प्रश्न थोडा बदला : "ताई, यंदा किती मुलांना वाचलेलं कळलं?"

प्रभू आपल्या देण्याला आणि पाड्यावरच्या लेकरांना आशीर्वादित करो.