‘माझी स्वतःची जागा’ : चित्रासाठी कल्पना कोठे शोधावी?

(केंद्रातील शिक्षक-परिषदेत कला या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कला विषयाच्या प्रकल्पासाठी ‘माझी स्वतःची जागा’ हा विषय वर्गाला द्यावा, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आहे. विषय उत्तम आहे. परंतु तो फळ्यावर लिहून मुलांना नुसते ‘काढा’ म्हटले, तर काय होईल हे आपण सर्वजण जाणतो. दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक कौलारू घर आणि दारात नारळाचे झाड. चाळीस वह्यांत हेच एक चित्र. ज्या गावात नारळ नाही आणि ज्या नदीला आठ महिने पाणी नाही, तेथील मुलेही हेच काढतात. यात मुलांचा दोष नाही. कल्पना आपोआप सुचत नाही. ती शोधावी लागते, आणि शोधण्याची रीत शिकवावी लागते. ती रीत कोणती, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम एका शंकेचा विचार करू. ‘एका खोलीत सहा माणसे निजतात, तेथे मुलाला स्वतःची जागा कोठली?’ असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. पण जागा म्हणजे खोली नव्हे. या शब्दाचे येथे दोन अर्थ आहेत. एक, आपल्या शरीराभोवतीचे ते अंतर, ज्याच्या आत परका माणूस आला की आपण नकळत मागे सरतो. दुसरा, तो कोपरा, ती पायरी वा ती पेटी, जेथे आपले मन स्वस्थ होते. हे दोन्ही प्रत्येक मुलाजवळ असतात. वाड्यातल्या आणि झोपडीतल्याही.

पहिल्या अर्थापासून आरंभ करणे सोपे, कारण ते अंतर मोजता येते. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली ‘द हिडन डायमेन्शन’ या ग्रंथात त्याची मापे दिली. सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंत अगदी जिव्हाळ्याचे अंतर, तेथून सव्वा मीटरपर्यंत ओळखीच्या माणसांचे, त्यापुढे सुमारे साडेतीन मीटरपर्यंत कामकाजाचे आणि त्याहून दूरचे ते सभेचे, अशी त्याची विभागणी आहे. अमेरिकेतील मध्यमवर्गीय प्रौढांच्या निरीक्षणावरून ही मापे आली, आणि समाजासमाजांत ती निराळी असतात हेही त्यानेच बजावून सांगितले. म्हणून ती मुलांकडून पाठ करून घेऊ नयेत. मुलांनी आपली मापे आपणच काढावीत.

हे पटांगणात करावे. एक मूल उभे राहील. त्याने स्वतः निवडलेला सोबती दहा पावलांवरून सावकाश त्याच्याकडे चालत येईल. उभ्या मुलाला जेथे अवघडल्यासारखे वाटेल, तेथे त्याने ‘थांब’ म्हणावे आणि येणाऱ्याने तत्क्षणी थांबावे. दोघांमधील अंतर सुतळीने मोजून सुतळी तेवढी तोडावी. असेच पाठीमागून, डावीकडून, उजवीकडून करावे. मग दुसऱ्या इयत्तेतील, कमी ओळखीच्या मुलाबरोबर करावे. वर्गात आल्यावर दहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर या प्रमाणाने ती अंतरे कागदावर मांडून त्यांची टोके जोडावीत. मध्ये मूल आणि भोवती एक वाकडातिकडा आकार तयार होईल. कोणाचा तो पाठीकडे फुगलेला असेल, कोणाचा समोर. कोणी त्यास शिंपला म्हणेल, कोणी कोश, कोणी कुंपण. चित्राची कल्पना ती हीच. आणि ती मुलाच्या स्वतःच्या अंगातून निघालेली आहे. गणिताचा एक तासही यात साधतो.

दुसऱ्या अर्थासाठी मुलांना प्रश्न द्यावेत, विषय देऊ नये. रडू आले की तू कोठे जाऊन बसतोस? तुझ्या मालकीची वस्तू तू कोठे ठेवतेस? घरातील कोणता आवाज ऐकू आला की तुला निर्धास्त वाटते? कोणत्या जागी बसले असता तुला सर्व दिसतात, पण तू कोणाला दिसत नाहीस? उत्तरे मोठ्याने विचारू नयेत. वहीत दोन ओळी लिहून घ्याव्यात. मग पाहा, कोनाडा, धान्याच्या कणगीमागची फट, गोठ्यातील गव्हाण, चिंचेची दुबेळकी, पडवीतील खांब, आजीच्या पाठीमागची उबदार जागा, असे एकेक समोर येऊ लागते. या यादीत डोंगरामागचा सूर्य सापडणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळदा मालकी जागेची नसून वेळेची असते. आपल्या आज्या-पणज्यांना घरात स्वतःची खोली नव्हती. पण पहाटेचे जाते त्यांचे होते. घर झोपलेले असताना त्या जात्यापाशी मनातले सारे बोलून घेत, आणि त्यातून जमलेले ओव्यांचे धन पुढे साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात एकत्र केले. तसेच मुलांचे आहे. ओट्याची पायरी दिवसभर सर्वांची असते, पण दुपारी चार ते पाच ती एकट्या मुलीची असते. मग तिने ‘दुपारी चारची पायरी’ काढावी. सावली कोठवर आली आहे हे तिला ठाऊक असते. ती सावली हेच तिचे चित्र.

ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर जाणारी मुले आपल्या वर्गांत आहेत. वर्षाचे काही महिने त्यांचे घर म्हणजे पाचटाची कोपी. त्यांना ‘तुझे घर काढ’ म्हटले की ती गप्प होतात. ‘बरोबर काय नेतोस?’ असे विचारले की बोलू लागतात. एखाद्याची पत्र्याची पेटी, एखादीची गोधडी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरते. गोधडीखाली डोके घेतले की जग बाहेर राहते. अशा मुलाने जुन्या कापडाचे तुकडे खळीने पुठ्ठ्यावर चिकटवून आपली गोधडी करावी. एकेक तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणाच्या सदऱ्याचा, हे त्याने मागील बाजूस लिहावे. यास रंगपेटीही लागत नाही.

थोरांची चित्रे दाखवावयाची झाल्यास दोन पुरेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराने १८८८ सालच्या ऑक्टोबरात फ्रान्समधील आर्ल या गावी आपल्या निजण्याच्या खोलीचे चित्र काढले. पुष्कळ भटकंतीनंतर त्याला मनासारखे बिऱ्हाड लाभले होते. चित्रात एक पलंग, दोन खुर्च्या, एक लहान मेज, भिंतीवर चित्रे आणि एक खिडकी, माणूस नाही. पाहणाऱ्याला विसावा वाटावा हा आपला हेतू त्याने भावाला पत्रातून कळविला होता, आणि त्यासाठी पडछाया गाळून सपाट रंग लावले होते. मुलांना एवढेच विचारावे, ‘खोलीचा धनी दिसत नाही, तरी त्याच्याविषयी तुम्हांला काय काय कळले?’ साध्या वस्तू माणसाची ओळख सांगतात, हे मुले आपणहून म्हणतील.

दुसरे आपल्या जवळचे. वारली समाजात लग्नाच्या वेळी स्त्रिया घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकाच्या आत पालघट देवी असते, आणि बाहेर झाडे, पशुपक्षी व माणसे यांचा संसार चाललेला असतो. ही कला कागदावर आणून जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चौक दाखवावा तो नक्कल करण्यासाठी नव्हे. रेघेने वेढले की साध्या भिंतीतही एक निराळी जागा उत्पन्न होते, हे मुलांना दिसावे म्हणून. आपल्या चौकात काय ठेवावे आणि बाहेर काय राहू द्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता या विषयाची गंभीर बाजू. हवे असलेले अंतर वेगळे आणि लादलेले अंतर वेगळे. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा विद्यार्थी दाखल झाला. वर्गात त्याला इतरांत नव्हे, तर एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट वेगळे. शाळेतील नोकर त्यास शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यावे आणि सकाळी परत आणावे लागे. डॉ. आंबेडकरांनी पुढे आपल्या आठवणींत हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या मुलालाही ‘स्वतःची जागा’ होती; पण ती त्याने निवडलेली नव्हती. म्हणून आपल्या वर्गातील बसकरपट्टीकडे एकदा या दृष्टीने पाहावे. शेवटच्या टोकाला रोज तेच मूल का बसते? कोणाच्या शेजारी जागा असूनही कोणी का बसत नाही? हे आपण पाहिले नाही, तर ‘माझी जागा’ हा प्रकल्प भिंतीवर शोभेचा राहील.

‘थांब’ या शब्दाचेही तसेच आहे. खेळात तो शब्द मुलाच्या तोंडी दिला, तर वर्गातही तो पाळावा लागेल. नको असलेला स्पर्श नाकारण्याचा मुलाला अधिकार आहे, मग समोर मोठे माणूस का असेना. एखाद्या चित्रातून वा दोन ओळींतून भीती डोकावली, तर ती वर्गात वाचून दाखवू नये आणि उलटतपासणीही करू नये. मुलाला एकांतात धीर द्यावा, त्याचे म्हणणे ऐकावे, मुख्याध्यापकांना विश्वासात घ्यावे. गरज पडल्यास १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आहे. मूल अत्याचाराला बळी पडत असल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळविणे २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे.

प्रकल्पास चार तास पुरतील. पहिल्यात मोजणी, दुसऱ्यात प्रश्न आणि लेखन, तिसऱ्यात कच्ची रेखाटने, चौथ्यात पक्के काम. साहित्य म्हणून खडू, गेरू, कोळसा, खाकी कागद, बुटांची रिकामी खोकी, काडेपेट्या चालतील. क्रमांक देऊ नयेत. आपल्या जागेत कोणी पहिला अथवा दुसरा नसतो. प्रदर्शनात कोणते चित्र लावावे हे मुलालाच विचारावे. ज्याला आपले चित्र घडी करून दप्तरात ठेवावयाचे असेल, त्याला ठेवू द्यावे. त्याला विषय पुरता समजला आहे, असेच मानावे.

बंधुभगिनींनो, पुढील महिन्यात आपल्या वर्गातील चाळीस चित्रे चाळीस प्रकारची निघाली, तर मुलांना चित्रकला आली एवढेच सिद्ध होणार नाही. आपल्याला चाळीस मुले निरनिराळी दिसू लागली, असेही होईल. आणि ते अधिक महत्त्वाचे आहे.