गोव्याची बेटे आणि खाजनशेती



मी सातवी शिकलेली. पण भूगोल मला फार आवडे. म्हणून भाषणाची पाळी आली तेव्हा गोव्याच्या बेटांविषयी बोलायचे ठरविले. आपण गोव्याला जातो त्या मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनाला, फार तर समुद्र पाहून येतो. बेटे कोण पाहते?

गोवा आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान, ३७०२ चौरस किलोमीटर. पणजी ज्या जमिनीवर वसली ती मुळात बेटच. उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस दोन्ही नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. मांडवीच्या पात्रात चोडण व दिवाडी ही आणखी बेटे. माझी धाकटी बहीण चोडणात दिली आहे. फेरीबोटीतून उतरून चालू लागले की एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला भातशेत. आणि नवल असे की, भरतीच्या वेळी नदी वर अन् शेत खाली!

या शेतांना खाजन म्हणतात. भरतीचे खारे पाणी नदीतून पुष्कळ आत शिरते. ते अडवायला पूर्वजांनी मातीदगडाचे बांध घातले व त्यांत लाकडी दारे बसविली. त्या दाराला ‘मानस’ म्हणतात. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानेच दार मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी ते ढकलून बाहेर पडते. पावसाने जमिनीतला खार धुऊन जातो आणि थोडा खार सोसणारे कोरगूट भात पिकते. मानसाला जाळे लावले की कोळंबीही मिळते. भात आणि कालवण एकाच शेतातले!

हॉलंडातही चौथाई जमीन समुद्रसपाटीखाली आहे. १९५३ साली तेथले बांध फुटून अठराशेंवर माणसे दगावली. गोव्यात बांध राखण्याचे काम गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, करीत असे. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६४ साली कूळकायदा आला. कुळांना हक्क मिळाले, हे योग्यच झाले. पण बांध कोणी राखायचा, याचा घोळ पडला. शिवाय मासळीला पैसा जास्त, म्हणून कोठे कोठे खारे पाणी मुद्दाम आत घेतात. एकाने दार उघडे ठेवले की शेजाऱ्याचेही शेत जाते.

२०१९ साली पंचगंगा आपल्या घरांत शिरली, पण निदान शेतात गाळ ठेवून गेली. खारे पाणी खार ठेवते, आणि तो एका पावसात निघत नाही. गेल्या वर्षी बहिणीकडचा बांध खचला. दरवर्षी ती मला पेजेसाठी तांबडे कोरगूट धाडी. यंदा आले नाही. वाड्यावरची माणसे मिळून बांध घालीत आहेत, असे परवा ती फोनवर सांगत होती.