तुटलेल्या पाण्याची साक्ष

पाण्याच्या रेणूतील एक बंध तोडण्यास सुमारे ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. १५७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचा एक कण ७.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन येतो. बंध तुटून हायड्रोजनचा अणू एकीकडे आणि हायड्रॉक्सिल दुसरीकडे फेकले जाते. उरलेल्या ऊर्जेची वाटणी कशी होते, यावरून रेणू कसा तुटला हे समजते.

ही वाटणी मोजण्याचे महत्त्वाचे कार्य १९८० नंतरच्या दशकात जर्मनीतील ग्योटिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत पीटर आंद्रेसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. पाण्याची वाफ बारीक छिद्रातून निर्वात कोठीत सोडली, की प्रसरण पावून ती अतिशय थंड होते. तिच्यावर प्रथम १५७ नॅनोमीटरच्या लेसरचा झोत पडतो. तुकड्यांच्या परस्परांशी टकरा होण्यापूर्वीच, ३०८ नॅनोमीटरच्या आसपासचा दुसरा लेसर त्यांवर टाकला जातो. त्याची तरंगलांबी किंचित बदलत नेली, की एकेका ऊर्जापातळीवरील हायड्रॉक्सिल क्रमाने उजळते. या अनुस्फुरणाच्या तेजावरून त्या पातळीवर किती रेणू आहेत, हे कळते.

असे दिसून आले, की शेष ऊर्जेचा बहुतेक भाग तुकड्यांच्या वेगात जातो. हायड्रॉक्सिलचे स्वतःभोवतीचे फिरणे मंदच राहते. शिवाय त्याची प्रत्येक पातळी दोन अगदी निकटच्या पातळ्यांत दुभंगलेली असते. थंड वाफेच्या प्रयोगात त्यांपैकी वरच्या पातळीत अधिक रेणू आढळले. मेसर-प्रारणास हीच स्थिती आवश्यक असते. १९६५ साली अवकाशातून १,६६५ मेगाहर्ट्झच्या सुमारास आलेल्या प्रखर हायड्रॉक्सिल-प्रारणाचा उगम अशा विघटनात असू शकेल, हा विचार त्यामुळे पुढे आला. तारे जन्मतात त्या प्रदेशांत मात्र हे काम मुख्यतः धुळीचे अवरक्त प्रारण करते, असे आता मानले जाते.

सुमारे १२२ नॅनोमीटरच्या किरणांनी पाणी तोडले, तर चित्र पालटते: हायड्रॉक्सिल अत्यंत वेगाने फिरत बाहेर पडते. या खुणेचा उपयोग २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात झाला. मृग नक्षत्रातील तेजोमेघात एका तरुण ताऱ्याभोवतीच्या तबकडीत जेम्स वेब दुर्बिणीला असेच वेगाने फिरणारे हायड्रॉक्सिल दिसले. त्यावरून तेथे दर महिन्याला पृथ्वीवरील सर्व महासागरांइतके पाणी तुटते व पुन्हा तयार होते, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला. प्रयोगशाळेतील मोजमाप आणि त्यास जोडून केलेले गणित हाती नसते, तर त्या दूरच्या प्रकाशातून पाण्याचा हा हिशेब मांडता आला नसता.