‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संक्षेप)



म्हसरूळच्या गजपंथाच्या पायऱ्या दरवर्षी श्रद्धेने चढणाऱ्या एक आजी माझ्याकडे रक्तदाब तपासण्यास येत. एका वर्षी त्या पायथ्याशीच बसून राहिल्या. बांगड्या सैल झाल्या होत्या. घरचे म्हणाले, ‘आता वय झाले.’ मीही मान डोलावली. पुढे त्या घरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले. तेव्हा जुन्या नोंदी काढल्या. वर्षभरात वजन ५ किलोंनी घटले होते. मी ते लिहिले होते; वाचले मात्र नव्हते.

वार्धक्य आणि क्षीणता या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी २००१ साली क्षीणतेची पाच लक्षणे मांडली: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची दुबळी पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन आढळल्यास रुग्ण क्षीण समजावा. एक-दोन असतील तर वेळीच सावध व्हावे. चार मीटर चालण्यास पाच सेकंदांहून अधिक वेळ लागला, तरी पुढील तपासणी करून घ्यावी.

उपाय साधे आहेत. घरातील सर्व गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात. अनावश्यक असतील त्या तेच कमी करतील. दृष्टी, श्रवण, दात आणि रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व तपासावे. आहारात डाळी, दूध, ताक असावे. झेपेल तसा खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम करावा. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवावी.

आपल्या घरांत आणखी एक काळजी हवी. चौविहार वा एकासणे करताना मधुमेहाची औषधे पूर्वीसारखीच चालू ठेवली, तर काही औषधांनी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. व्रत सोडा, असे मी म्हणत नाही. पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. औषधाची वेळ व मात्रा बदलता येते. तत्त्वार्थसूत्रानेही तप शक्तीनुसार करावे, असेच सांगितले आहे.

वैयावृत्त्य हे अभ्यंतर तप आहे. ज्येष्ठांच्या तपाची केवळ अनुमोदना केल्याने आपले हे तप पूर्ण होत नाही. दरमहा त्यांचे वजन वहीत लिहा, मागील आकड्याशी ताडून पाहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

त्या आजींची नोंद न वाचल्याबद्दल मी आजही मनोमन ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हणतो. आपणांवर ती वेळ न येवो.

जय जिनेंद्र.