पाणी माणशी वाटावं

(दिंडीच्या शतकमहोत्सवी सप्त्यात केलेलं भाषण)



मी चौथी शिकलेला माणूस. कीर्तनात दोन तास उभा राहतो तो संतांच्या आधारावर. आज मात्र आधाराला अभंग घेणार नाही. आज माझी एक चूक सांगायचीय, आणि ती अभंगाच्या आड लपवून चालणार नाही.

आपला पुरंदर तालुका. पश्चिमेला डोंगराकडं पाऊस बरा, पूर्वेला येता येता तुटतो. 1972 च्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आईबरोबर खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो. पण तो दुष्काळ आला तसा गेला. नक्षत्रं परत आपल्या जागी आली. वडील मृगाला पेरायचे आणि हस्ताच्या पावसावर ज्वारी धरायचे.

आता तो भरवसा राहिला नाही. 2023 चा ऑगस्ट आपल्या देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. बाजरी उभ्या उभ्या करपली. 2025 ला उलटं झालं. मे महिन्यातच पाऊस लागला, मशागतीला वापसा मिळेना. त्याच साली सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला महापूर आला, पिकं गेली, खालची मातीही गेली. जाणकार सांगतात, हवा तापली की ती जास्त वाफ धरते. मग उघडीप पडते ती लांब, आणि पाऊस येतो तो एकदम कोसळतो. कोसळलेलं पाणी मुरत नाही, पळून जातं. हवा तापली ती कोळशाच्या अन् तेलाच्या धुरानं. त्या धुरात दोन एकरवाल्याचा वाटा तो किती? पण फटका पहिला त्याला. मोठ्याकडं कागद अंथरलेलं शेततळं असतं, ठिबक असतं. लहान्याकडं एक विहीर, आणि तीही भावकीत वाटलेली.

आता माझी चूक. 2018 ला पाऊस कमी झाला. माझी विहीर तळाला गेली. मी उसनं-पासनं करून बोअर घेतलं, 420 फूट. कुठं घेतलं? थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, त्यांच्या विहिरीपासून दीडशे फुटांवर. आण्णा बांधावर उभे होते. ते एवढंच म्हणाले, "बघ बाबा, झरा एकच हाय." मी म्हटलं, "माझ्या रानात मी घेतोय." पाणी लागलं, मी नारळ फोडला. शिमग्यापर्यंत आण्णांची विहीर आटली. त्यांची अंजिराची साठ झाडं वाळली. ती तोडून सरपण केलं तेव्हा कुऱ्हाडीचा आवाज माझ्या घरात ऐकू येत होता. आणि दोन वर्षांत माझंही बोअर गुळण्या टाकायला लागलं. खाली काळा पाषाण आहे, मंडळी. त्यात पाणी असतं ते भेगांत, जेवढं वरून मुरलं तेवढंच. आपण खोल जातो म्हणजे नवं पाणी आणत नाही, शेजाऱ्याचं ओढतो.

2019 च्या वारीत वीणा माझ्या गळ्यात होती. दिवे घाट चढून आलो, विसाव्याला थांबलो. विणेकऱ्याच्या पाया पडायची रीत. रांगेत आण्णा आले. सहा महिने आमचं बोलणं नव्हतं. ते वाकले, माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि पुढं गेले. मला तिथं उभं राहवेना.

त्या रात्री सासवडच्या मुक्कामी आपल्या दिंडीचा टँकर बघत बसलो. भिशी भरलेल्याला एक तांब्या, वाटेत येऊन मिसळलेल्यालाही एक तांब्या. पाणी वाटताना कोण किती एकरवाला, हे कुणी विचारत नाही. वीस दिवस आपण असं वागतो. घरी आलो की मात्र ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी.

हे नवं नाही, बरं का. आपल्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर देवस्थानची 40 एकर माळाची जमीन कसायला घेतली. बांधबंदिस्ती करून पाणी अडवलं, आणि त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली. नियम साधे. पाणी जमिनीवर नाही, माणसावर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आणि खर्चातला वाटा शेतकऱ्यांनी स्वतः उचलायचा. पालखी दरसाल याच तालुक्यातून जाते, पण आपण कधी वाकून बघितलं नाही.

वारीहून आलो अन् आण्णांच्या दारात गेलो. माफी मागितली. वहिनींनी चहा ठेवला, तो चहा मला पुऱ्या जन्मात विसरणार नाही. पुढं आम्ही आठ घरं एक झालो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी असते, देवळात माणसं जमतातच. त्या दिवशी विहिरीत दोरी सोडून पाणी मोजतो आणि वहीत लिहितो. आधी माणसं, मग गुरं, मग झाडं. उरलं तर वाटाणा, कांदा. नाही तर ज्वारीवर भागवायचं. आण्णांच्या रानात माझ्या बोअरची पाइप गेली, दिवसाआड पाणी. एक घर मधेच फुटलं, त्यांनी वेगळं बोअर घेतलं. जबरदस्ती करता येत नाही. 2023 ला आम्ही वाटाणा सोडला, नुकसान झालं, खोटं सांगत नाही. पण कुणाची बाग सरपणाला गेली नाही.

तुकोबारायांनीही दुष्काळ भोगला. घरची माणसं गेली. मग कर्जखतांची वाटणी केली, भावाचा अर्धा भाग भावाला दिला, आणि आपल्या वाट्याची खतं तेवढी इंद्रायणीत बुडवली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. मी लावला होता.

शंभर वर्षं झाली दिंडीला. मांडव घाला, पंगती घाला, ते हवंच. पण माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. कुणाच्या विहिरीजवळ बोअर घ्यायचं झालं तर आधी त्याला देवळात बोलवून विचारायचं. आणि दसऱ्यानंतरच्या एकादशीला गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी मोजायचं. पाऊस आपल्या हातात नाही. दोरी हातात आहे.

आण्णा समोर बसलेत. त्यांच्या परवानगीनंच हे बोललो. काही चुकलं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!