भगवानदादांचे उत्तरायुष्य
(सुलतानपूर, जि. बुलढाणा येथील भाषण)



भगवान आबाजी पालव म्हटल्यास आपणांस ओळख पटणार नाही. भगवानदादा म्हटल्यास लगेच पटेल. आपल्याच वऱ्हाडात, अमरावतीस १९१३ साली जन्मलेला हा गिरणी कामगाराचा मुलगा. मजुरी करीत तो चित्रपटात शिरला आणि १९५१ च्या ‘अलबेला’ने निर्माता, दिग्दर्शक व नायक म्हणून शिखरावर पोहोचला. पुढील चित्रपट आपटले. बंगला गेला, मोटारी गेल्या. बिऱ्हाड दादरच्या चाळीत आले.

ही कथा आपण उधळपट्टीचा धडा म्हणून सांगतो. त्यात तथ्य आहे. तथापि उतारवयातही दादा इतरांच्या चित्रपटांत क्षणभराच्या भूमिका करीत, नाचत, राबत राहिले, हे आपण विसरतो. त्यांचा ठेका मोठ्या नटांनी उचलला, लग्नाच्या वरातींनी उचलला; त्याचे मोल त्यांच्या पदरी पडले नाही. कापूस पिकविणाऱ्यांना हा व्यवहार समजावून सांगावयास नको.

गिरणी कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. सिने-कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा होण्यास १९८१ उजाडले. तोवर दादा अडुसष्टीला आले होते. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते गेले.

वृद्ध कलावंताचा सत्कार करून आपण मोकळे होतो. शाल पांघरताना त्याला एवढेच विचारा : फड सुटल्यावर तुमची चूल कशावर पेटते? म्हातारपणाची भाकरी हा श्रमाचा हक्क आहे. ती कुणाच्या दातृत्वावर सोडता कामा नये.