सातजणींचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. शंभर जणींच्या हळदीकुंकवाची डाळ-पन्ह्याची तयारी मला सोपी वाटते. उभे राहून बोलणे काही जमत नाही. पण गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या वाड्यात दोघे जण फीत घेऊन आले आणि चौक, परसू, विहीर सगळे मोजून गेले. आपल्या मंडळाची पहिली सभा त्याच वाड्याच्या सोप्यावर भरली होती, हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मोजणी कशासाठी असते हे आता कुणाला सांगायला नको. म्हणून बोलायला उभी राहिले.

आधी माझीच चूक सांगते. आमचा वाडा १९८८ साली आम्ही पाडायला दिला. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, कोरीव महिरपी, पाट्या-वरवंट्याची जागा, तुळशीवृंदावन, सगळे होते. भिंतीला ओल धरली होती, दिरांना वाटणी हवी होती, भाडेकरूंचे भाडे महिना सात-आठ रुपये. त्यात एक पन्हळसुद्धा बदलून होत नव्हती. घरात मी एकदाही तोंड उघडून "दुसरा काही मार्ग पाहू या" असे म्हटले नाही. ज्या दिवशी खांब ट्रकमध्ये चढले, त्या दिवशी मात्र पदर डोळ्यांना लावून उभी होते. ते रडणे कुणाच्याही उपयोगाचे नव्हते. दाराची पितळी कडी तेवढी माझ्याजवळ राहिली आहे.

आता जे सांगायचे ते असे. २०१९ साली मी मुलीकडे अमेरिकेत गेले होते. ती अटलांटाजवळ राहते. तिथून मोटारीने चारशे किलोमीटरवर, समुद्राच्या बाजूला, सव्हाना नावाचे जुने शहर आहे. सुटीच्या दिवशी जावयांनी आम्हांला तिथे नेले. १७३३ साली ओगलथॉर्प नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे शहर आखले. आखणी अशी की थोड्या थोड्या अंतरावर एक मोकळा चौक आणि त्याच्या भोवती घरे. असे एकूण चोवीस चौक झाले. आपल्याकडे पेठ वसवताना मध्ये मोकळी जागा ठेवीत, तसेच मला वाटले. चौकांत मोठाले ओक वृक्ष आहेत, त्यांना जटांसारखे करडे शेवाळ लोंबत असते, आणि खाली बाकांवर म्हातारी माणसे बसलेली. मला तर परके गाव वाटलेच नाही.

तिथल्या एका चौकात विटांचे एक दुमजली घर आहे. दाराशी जाण्यासाठी दोन्ही बाजूंनी वळत चढणारा जिना, त्याला लोखंडी कठडा. आयझाया डॅव्हनपोर्ट नावाच्या बांधकाम करणाऱ्या कारागिराने ते १८२० साली स्वतःच्या कुटुंबासाठी बांधले. १८२७ मध्ये तो वारला, तेव्हा त्याची बायको सारा हिने घरात भाड्याने माणसे ठेवून संसार चालवला. ही गोष्ट दाखवणाऱ्या बाईंनी सांगितली आणि मला आमच्या सासूबाई आठवल्या. खानावळ चालवून त्यांनी चार मुले शिकवली. अर्थात त्या डॅव्हनपोर्टच्या घरी गुलाम माणसेही राबत होती. घराचे कौतुक करताना ते झाकून ठेवणे बरे नव्हे.

पुढे त्या घराची दशा आपल्या वाड्यांसारखीच झाली. खोल्यांचे तुकडे पडले, अनेक बिऱ्हाडे आली, डागडुजी थांबली. १९५० नंतर तिकडे मोटारी वाढल्या, पैसेवाली माणसे गावाबाहेर नव्या वसाहतीत गेली, आणि जुने शहर म्हणजे अडगळ असे सर्वांना वाटू लागले. एलिस चौकात जुनी मंडई होती, विटांच्या मोठ्या कमानींची. ती १९५४ साली पाडली आणि तिच्या जागी मोटारी ठेवण्यासाठी मजल्यांची इमारत उठली. गावाला हळहळ वाटली. पण मंडई गेली ती गेलीच.

मग लगेच डॅव्हनपोर्टच्या घराची पाळी आली. शेजारच्या अंत्यसंस्काराच्या दुकानाला आपल्या गिऱ्हाइकांच्या मोटारी उभ्या करायला ती जागा हवी होती. या वेळी मात्र गावातल्या सात बायका एकत्र आल्या. त्यांत ॲना हंटर नावाच्या बाई वर्तमानपत्रात लिहीत आणि चित्रे काढीत. कुणी त्यांत वास्तुशास्त्राचा पंडित नव्हता. त्यांनी वर्गणी जमवली आणि १९५५ साली साडेबावीस हजार डॉलरला ते घर विकतच घेतले. त्यातूनच हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. १९६३ मध्ये ते घर संग्रहालय म्हणून लोकांना खुले झाले.

भगिनींनो, मला मौज वाटली ती पुढच्या व्यवहाराची. प्रत्येक घर विकत घेऊन संग्रहालय करायचे म्हटले, तर कुबेराचीही पेटी पुरणार नाही. म्हणून त्यांनी फिरता निधी काढला. मोडकळीला आलेले घर निधीतून घ्यायचे, आणि दुरुस्त करून राहील अशा माणसाला विकायचे. खरेदीखतातच अटी घालायच्या: घर पाडायचे नाही, दुरुस्ती ठराविक मुदतीत करायची. आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यायचे. आपली भिशी जशी फिरते, तसाच तो पैसा. अशा रीतीने आजवर चारशेहून अधिक इमारती वाचल्या आहेत.

दुसरी गोष्ट यादीची. १९६० नंतर त्यांनी जुन्या गावातली घरे हिंडून पाहिली आणि जपण्याजोगी अकराशेच्या आसपास घरे नोंदवली. १९६६ साली तो सारा भाग राष्ट्रीय महत्त्वाचा ठरला. १९७३ मध्ये नगरपालिकेने नियमही केले. आधी बायकांची वर्गणी, मग यादी आणि शेवटी कायदा, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आपण मात्र सरकार काही करत नाही म्हणून आधीच हात टेकतो.

सगळेच गोड झाले असे मी म्हणणार नाही. घरे सुधारली तशी भाडी वाढली, आणि वर्षानुवर्षे तिथे राहिलेल्या गरिबांना, त्यांत काळ्या लोकांना फार, बाहेर पडावे लागले. वास्तू वाचली, पण तिच्यातली माणसे गेली. ही चूक त्यांच्यातल्याच काहींना बोचली. त्या सातजणींपैकी एकीचा मुलगा ली ॲडलर याने १९७४ साली निराळा उद्योग सुरू केला. शेजारच्या व्हिक्टोरियन भागातली जुनी लाकडी घरे दुरुस्त करायची आणि तिथे गरीब कुटुंबांनाच परवडणाऱ्या भाड्यात ठेवायचे, असा तो बेत होता. त्याने सगळ्यांचा प्रश्न सुटला असे नाही. तथापि चूक कबूल करून हात लावला, हे मला मोठे वाटते.

आणि ती मंडई? मोटारींची इमारत पन्नास वर्षे तिथे उभी होती. मग गावानेच ती काढून टाकली, मोटारी जमिनीखाली नेल्या आणि २०१० साली एलिस चौक पुन्हा मोकळा केला. मी गेले तेव्हा मुले तिथे कारंज्याच्या पाण्यात नाचत होती. पाहून बरे वाटले. पण मंडईच्या कमानी काही परत आल्या नाहीत. जागा परत मिळते, वास्तू परत मिळत नाही. मी त्या बाकावर बसले होते आणि मला आमचे खांब दिसत होते.

आता आपल्या कोपऱ्यावरच्या वाड्याकडे येते. मालकांना नावे ठेवायला मी उभी नाही. छपराचा खर्च त्यांनी एकट्याने का सोसावा? तसेच आत राहणाऱ्या तीन बिऱ्हाडांना वाऱ्यावर सोडून वाडा वाचवला, तर तो वाचवला असे मी मानणार नाही. नुसते "जुने ते सोने" म्हणून भागणार नाही. ते सोने सांभाळायला कुणीतरी पदर पसरायला हवा.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, येत्या शनिवारी पाच वाजता आपण वही घेऊन आपल्या दोन आळ्या हिंडू या आणि जुन्या घरांची यादी करू या: कुणाचे घर, कोण राहते, छप्पर कसे आहे, दुरुस्तीला काय लागेल. दुसरी, मालक आणि भाडेकरू दोघांनाही मंडळाने चहाला बोलवावे, एकाच दिवशी, एकाच सतरंजीवर. मालकांनी करारावर सही करण्याआधी बोलवावे. नंतर चहाला अर्थ नाही. तिसरी, यंदाच्या सहलीचे पैसे सहलीला न खर्चता छपराच्या निधीची सुरुवात म्हणून बाजूला ठेवावेत. रक्कम लहान आहे हे मला समजते. पण रिकाम्या हातांनी मालकांकडे गेलो तर आपण नुसत्या हळहळणाऱ्या बायका ठरू.

माझ्यातर्फे पाच हजार रुपये मी चिटणीसबाईंकडे आजच देते. आणि वाडा राहिला, तर आमची ती पितळी कडीही त्याच्या दिंडी दरवाजाला लावायला देईन. तिथली कडी कधीच चोरीला गेली आहे.

सहल बुडाली म्हणून माझ्यावर कुणी रागावू नये.